दिवे लहान का झाले?

ग्वारीघाटावर संध्याकाळची आरती संपली की लोक पानाच्या दोन्यात दिवा ठेवून नर्मदेत सोडतात. मराठीत आपण त्याला द्रोण म्हणतो, पण जबलपुरात राहून राहून आमच्या घरातही दोनाच झाला आहे. दिवे आधी पायऱ्यांपाशी घुटमळतात, मग प्रवाह सापडला की नदीमधल्या छोट्या देवळाच्या बाजूनं एकामागून एक निघून जातात. माझी आठ वर्षांची भाची गेल्या वर्षभर या दिव्यांची चित्रं काढत होती. प्रत्येक दिवा ताटाएवढा गोल, पिवळा, कडेला किंचित नारिंगी. एकमेकांवर चढलेले, एकमेकांतून आरपार दिसणारे गोल. नदी जवळजवळ दिसतच नसे, इतके दिवे. आम्ही सगळे म्हणायचो, पोरीकडे काय कल्पनाशक्ती आहे!

मग तिला चष्मा लागला. उणे दोनचा नंबर, दोन्ही डोळ्यांना. चष्मा आला त्याच संध्याकाळी आम्ही तिला घाटावर नेलं. आता हिला सगळं लख्ख दिसणार, ही आनंदानं उड्या मारणार, अशी माझी खात्री होती. ती पायरीवर उभी राहिली, बराच वेळ नदीकडे बघत राहिली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, दिवे इतके छोटे-छोटे का झाले?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी शोधायला बसले आणि जे सापडलं त्यानं मी अजून थक्क आहे. पहिली गोष्ट कळली ती ही की पोरीची कल्पनाशक्ती वगैरे काही नव्हती. ती जसं दिसतं तसं, अगदी प्रामाणिकपणे काढत होती.

लांबच्या दिव्याच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा तो बाहुलीच्या पूर्ण गोलातून आत येतो. पुढचा पारदर्शक पडदा आणि आतलं भिंग मिळून तो प्रकाश पुन्हा एका बिंदूत गोळा करतात. हा बिंदू डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, रेटिनावर, नेमका पडला तर दिवा बिंदूएवढाच दिसतो. ज्या डोळ्याचा गोळा थोडा लांबट असतो, त्यात किरण रेटिनाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पुढं जाताना पुन्हा फाकतात. रेटिनावर बिंदू पडत नाही, एक गोल पडतो. आणि त्या गोलाला आकार असतो बाहुलीचा! भाचीला नदीवर जे गोल दिसत होते ते दिव्यांचे नव्हतेच. प्रत्येक दिव्याच्या उजेडात ती स्वतःच्याच डोळ्याची बाहुली बघत होती.

तो गोल केवढा, याचं गणित शाळकरी मुलालाही जमेल. बाहुलीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा आणि चष्म्याच्या नंबरानं गुणायचा. तिन्हीसांजेला लहान मुलाची बाहुली साधारण पाच मिलिमीटर रुंद होते. ०.००५ गुणिले २, म्हणजे ०.०१. याचा अर्थ असा की तीस मीटरवरचा दिवा तीस सेंटिमीटर रुंद दिसणार, म्हणजे खरंच जेवणाच्या ताटाएवढा. आकाशात हाच कोन पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून जरासा मोठा भरतो. आमची पोर वर्षभर नर्मदेत पूर्णचंद्रांची रांग वाहताना बघत होती आणि चष्मा लावल्याबरोबर आम्ही ते सगळे चंद्र एका फटक्यात विझवले होते. ती रडेल नाही तर काय करेल?

ज्यांना उणे नंबर आहे त्यांनी रात्री चष्मा काढून लांबच्या रस्त्यावरच्या एखाद्या दिव्याकडे बघावं. मग घरातला कुणी बाजूनं टॉर्चचा सौम्य उजेड तोंडावर पाडू दे. लांबचा तो गोल डोळ्यांदेखत आक्रसतो, कारण बाहुली आक्रसते. डोळे किलकिले केले की त्याच्या वरखालच्या बाजू कापल्या जाऊन त्याची चपटी फाक होते आणि दिसणं जरा सुधारतं. लांबचं न दिसणारा माणूस डोळे बारीक करून बघतो तो यासाठीच. मायोपिया हा शब्दही मुळात ग्रीक भाषेतल्या डोळे मिटण्यावरून आला आहे. मराठी पुस्तकांत याला ऱ्हस्वदृष्टी किंवा निकटदृष्टिता म्हणतात. घरात आपण नुसतं "नंबर लागला" म्हणतो, आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटतो.

हा नंबर म्हणजे काय, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एकाला नंबरानं भागा. उत्तर जितके मीटर येईल तितक्या अंतरापर्यंत त्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. उणे एक असेल तर एक मीटर. उणे दोन असेल तर अर्धा. उणे चार असेल तर पाव मीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं अधिक. भाचीच्या जगाला अर्ध्या मीटरवर कुंपण होतं. त्या कुंपणाच्या आत तिला मुंगीचे पाय दिसत होते, आजीच्या नऊवारीच्या काठातला धागा न् धागा दिसत होता. कुंपणापलीकडे सगळं धुक्यात. आणि हे धुकं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. रोज जे बघितलं तेच जग, तक्रार कशाची करणार?

आम्ही तिला भेडाघाटला धुवाँधार दाखवायला नेलं होतं, चष्म्याच्या सहा महिने आधी. तिथं नर्मदा कड्यावरून कोसळते आणि पाण्याच्या तुषारांचा धूर होतो, म्हणून ते नाव. कठड्याशी उभं राहून सगळे "धूर बघ, धूर बघ" म्हणत होते आणि तीही मान डोलावत होती. तिथं सर्वांनाच धुरकट दिसतं, त्यामुळे हिला सगळीकडेच तसं दिसतं हे कुणाच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. मात्र नंतर नावेतून संगमरवरी कड्यांमधून जाताना नावाडी वरच्या खडकांतले आकार दाखवत होता, तेव्हा ती खाली वाकून पाण्यात हात घालून बसली होती. तिला कंटाळा आला असेल असं मला वाटलं. आज ते आठवलं की पोटात तुटतं. वर बघण्यासारखं तिच्यासाठी तिथं काही नव्हतंच, नुसती पांढरी भिंत होती.

शाळेतूनही "लक्ष नसतं" अशीच तक्रार यायची. फळ्यावरचं उतरवताना ३ चा ८ व्हायचा. शेजारणीच्या वहीत डोकावते म्हणून बोलणी बसायची. टीव्हीच्या पुढ्यात बसते म्हणून घरी आम्ही ओरडायचो, जवळून बघून डोळे खराब होतील म्हणून. ती जवळ बसत होती कारण नंबर आधीच लागलेला होता. जी खूण होती तिलाच आम्ही कारण समजलो.

आता तपासणीबद्दल सांगते, कारण त्यात मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते एका छोट्या हत्याराचं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सगळ्यांना माहीत असतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेननं तो १८६२ साली बसवला. सहा मीटरवरून ज्या ओळीतली अक्षरं वाचता आली की ६/६ म्हणतात, ती अक्षरं जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतात. पण तक्ता पाठ करता येतो. रांगेत पुढं उभ्या असलेल्या मुलाचं ऐकून मागचं मूल घडाघडा म्हणून दाखवतं. डॉक्टरांनी भाचीला तक्ता वाचायला लावला, मग डोळ्यांत थेंब घातले, बाहेर बसवलं, आणि बाहुल्या मोठ्या झाल्यावर खोलीत अंधार करून हातभर अंतरावरून रेटिनोस्कोपनं तिच्या डोळ्यात प्रकाशाची एक उभी रेघ टाकली. रेघ इकडून तिकडं फिरवली की बाहुलीत लालसर उजेड हलतो. डोळ्याला पुरेसा उणे नंबर असेल तर हा उजेड रेघेच्या उलट दिशेला पळतो. डॉक्टर समोर एकेक भिंग धरत जातात. एका भिंगाशी तो उजेड पळायचा थांबतो आणि अख्खी बाहुली एकदम उजळते. तोच नंबर, हातभर अंतराचा हिशेब वजा करून. मुलानं एक अक्षर वाचलं नाही, एक शब्द उच्चारला नाही, तरी डोळ्यानं स्वतःच आपलं माप सांगितलं! दोन वर्षांच्या बाळाचा नंबरही असाच काढता येतो.

थेंबांचा कंटाळा करू नये. त्यांची जळजळ होते, काही तास वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात. पण मुलांच्या डोळ्यातला जवळ बघण्याचा स्नायू इतका जोरकस असतो की थेंबांनी त्याला सैल केलं नाही तर नसलेला किंवा जास्तीचा उणे नंबर निघू शकतो. चष्म्याच्या दुकानात यंत्रासमोर अर्धं मिनिट बसवून मुलाला पहिला चष्मा देणं मला म्हणूनच मान्य नाही.

भाचीचा डोळा प्रमाणापेक्षा किती लांब असेल? साधारण एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतो. म्हणजे उणे दोनसाठी जेमतेम पाऊण मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा फरकानं फळा, भेडाघाटचे खडक आणि समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा, सगळं पुसलं गेलं. पण मग मला उलटा प्रश्न पडला. पाऊण मिलिमीटरनं जर इतकं बिघडत असेल, तर बाकीच्यांचे डोळे बरोबर मापाचे होतातच कसे?

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे सतरा मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा सुमारे चोवीस. बहुतेक बाळं अधिक, म्हणजे प्लस, नंबराची जन्मतात, त्यांचा डोळा आखूड असतो. पुढची काही वर्षं डोळा वाढत जातो, त्याच वेळी पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता बदलते, आतलं भिंग पातळ होत जातं, आणि या सगळ्या हलत्या मापांमध्ये रेटिना नेमकी तिथं येऊन थांबते जिथं प्रकाश एकत्र येतो. भेडाघाटला मऊ गोऱ्या दगडाच्या मूर्ती घडवणारे कारागीर बसतात. ते कानशीचा एक हात मारतात आणि मूर्ती डोळ्यांसमोर धरतात, पुन्हा एक हात, पुन्हा बघणं. डोळाही तसाच स्वतःला घडवतो, फक्त उलट्या बाजूनं. दगड कमी करता येतो, वाढवता येत नाही. डोळा वाढवता येतो, वाढलेला डोळा काही पुन्हा आखूड होत नाही.

पण कारागिराला निदान डोळे असतात. डोळ्याला स्वतःची लांबी कोण दाखवतं?

याचा धागा १९७७ साली हाती आला. टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राविओला हे माकडांच्या पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी शिवून दृष्टीचा अभ्यास करत होते. शिवलेल्या पापणीमागचा डोळा लांबट वाढलेला त्यांना आढळला. धड चित्र न मिळालेला डोळा वाढतच सुटला होता. त्यानंतर कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग झाले आणि त्यांचे निकाल मी दोनदोनदा वाचले. पिल्लाला उणे भिंगाचा चष्मा लावला की चित्र रेटिनाच्या मागे पडतं, आणि डोळा लांब होत होत ते गाठतो. अधिक भिंग लावलं की चित्र पुढं पडतं, आणि डोळ्याची वाढ मंदावते. म्हणजे चित्र पुढं आहे की मागं, हे डोळ्याला कळतं. मेंदूला कळतं असं म्हणावं, तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कापली तरी वाढीवर भिंगाचा परिणाम होतच राहतो. आणि डोळ्याच्या अर्ध्याच भागापुढं अर्धपारदर्शक आडोसा केला तर तेवढाच अर्धा भाग फुगतो! मेंदूची परवानगी न घेता, रेटिनाचा प्रत्येक भाग आपल्यापुरता ठरवतो की आपल्या मागच्या भिंतीनं वाढायचं की थांबायचं. धूसरपणा ही आपल्याला अडचण वाटते. वाढत्या डोळ्याला तो मोजपट्टीसारखा कामाला येतो.

मग आमच्या पोरीच्या डोळ्यानं थांबायचा इशारा का ऐकला नाही? आनुवंशिकता आहेच. तिच्या वडिलांना कॉलेजात असल्यापासून जाड चष्मा आहे, आणि आईवडिलांपैकी कुणाला नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते. पण दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये १९ वर्षांच्या तरुणांची लष्करभरतीच्या वेळी तपासणी झाली, त्यात ९६.५ टक्क्यांना ऱ्हस्वदृष्टी निघाली. आजोबांच्या पिढीत असं नव्हतं, आणि दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलली ती राहणी.

कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक तुलना छापली. सहा-सात वर्षांची चिनी वंशाचीच मुलं, काही सिंगापूरमधली, काही सिडनीतली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना उणे नंबर, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुलं पुस्तकं कमी वाचत नव्हती, उलट जरा जास्तच वाचत होती. मोठा फरक एकच दिसला. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असायची, सिंगापूरची तीन तासांच्या आसपास.

बाहेर काय असतं? आपल्याला आधी खेळ आठवतो, पण नुसतं झाडाखाली बसलं तरी चालतं. बाहेर असतो उजेड. रात्रीच्या बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली एकदोनशे लक्स प्रकाश असतो. आंब्याच्या सावलीत तो हजारोंच्या घरात जातो, आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. आपली बाहुली आणि रेटिना इतक्या सफाईनं जुळवून घेतात की हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवतही नाही. खोली आपल्याला लख्ख उजळलेली वाटते, डोळ्याच्या हिशेबात ती संधिप्रकाशाच्याच जातीची. भरपूर प्रकाशात रेटिनातून डोपामिन हे रसायन जास्त पाझरतं आणि डोळ्याची लांबी वाढायला तेच आवर घालतं, असं आज बरेच संशोधक मानतात. शिवाय बाहेर बहुतेक गोष्टी लांब असतात, खोलीत कोपऱ्याकोपऱ्याला जवळचं काहीतरी.

चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास दिला. तीन वर्षांनी या मुलांत ३०.४ टक्क्यांना नवा नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तैवाननं त्याआधीच, २०१० पासून, शाळांना दिवसाला १२० मिनिटांचं बाहेरचं उद्दिष्ट घालून दिलं होतं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सनं सुमारे दहा हजार शाळकरी मुलं तपासली, त्यात १३.१ टक्क्यांना ऱ्हस्वदृष्टी होती, आणि दिवसाला दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी आढळली. सोलच्या मानानं आपण फार अलीकडे उभे आहोत. मला हा आकडा भीतीपेक्षा संधीचा वाटतो. आपल्या मुलांचं अंगण अजून पुरतं गेलेलं नाही.

जबलपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, लू वाहते, तेव्हा मुलांना बाहेर काढा म्हणणं सोपं नाही. पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतरचा उजेडही खोलीपेक्षा कितीतरी पट असतो. आम्ही भाचीचा सकाळचा अभ्यास मागच्या ओट्यावर आणला, कडुलिंबाच्या सावलीत. टोपी घातली तरी हरकत नाही. सूर्याकडे बघायचं मात्र कधीच नाही, हे तिला बजावून ठेवलं आहे. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर धरायचं आणि अर्ध्या तासानं उठून लांब बघायचं. लांब बघायला इथं काही कमी नाही. गच्चीवरून मदनमहालची टेकडी दिसते.

चष्म्यामुळे नंबर वाढतो, डोळ्यांना सवय लागते, म्हणून कमी नंबराचा द्या किंवा वर्गापुरताच लावा, हे आमच्याकडेही तीन जणांनी सांगितलं. मलेशियात मुलांना मुद्दाम कमी नंबराचे चष्मे देऊन बघितलं होतं. त्यांचा नंबर कमी गतीनं वाढण्याऐवजी किंचित जास्तच गतीनं वाढला, आणि तो अभ्यास २००२ साली छापून आला. गाजराबद्दल एवढंच सांगते, रातांधळेपणासाठी अ जीवनसत्त्व हवंच, पण त्यानं लांबलेला डोळा आखूड होत नाही. आणि "मुलीच्या जातीला चष्मा" हे वाक्य माझ्यासमोर ज्यांनी उच्चारलं, त्यांना मी तिथल्या तिथं थांबवलं. ज्या पोरीला फळा दिसत नाही तिला उद्याच्या स्थळापायी चष्म्यावाचून ठेवणं मला क्रूर वाटतं.

नंबर लागल्यावर त्याची वाढ मंद करता येते का? काही प्रमाणात येते. यातलं सगळ्यात अनोखं औषध आपल्या ओळखीच्या झाडाच्या नात्यातलं आहे. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यात अॅट्रोपिन असतं. त्याचे अतिशय सौम्य थेंब रात्री घातले तर मुलांचा नंबर हळू वाढतो, असं सिंगापूर आणि हाँगकाँगच्या अभ्यासांत दिसलं. २०१९ च्या हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्के थेंबांचा गुण ०.०१ टक्क्यापेक्षा चांगला आला. पुढं २०२३ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत ०.०१ टक्क्याचा नुसत्या पाण्यासारख्या थेंबांहून वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणजे मात्रा, वय, नंबर वाढायची गती हे सगळं बघून डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायची ही गोष्ट आहे. झाडाचा धोतरा विषारी आहे. त्याचा रस डोळ्याच्या आसपासही नेऊ नये.

कोंबडीच्या पिल्लांनी शिकवलेला धडा आता चष्म्याच्या काचेतही उतरला आहे. मध्यभागी मुलाचा नेहमीचा नंबर आणि भोवतीच्या कड्यात शेकडो बारीक भिंगं. मधून मूल स्पष्ट बघतं, आणि कड्यातल्या भिंगांमुळे प्रकाशाचा काही भाग रेटिनाच्या पुढं पडून डोळ्याला "पुरे, आता थांब" असं सांगत राहतो. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा काचांनी वाढीचा वेग जवळपास निम्मा केला. काचा महाग आहेत, आणि साध्या पूर्ण नंबराच्या चष्म्यानं दिसायला काहीच कमी पडत नाही, हेही खरं.

लेझरबद्दल लोक पहिल्या दिवशीच विचारतात. वय अठराच्या पुढं जाऊन नंबर स्थिरावल्याशिवाय तो विषय नाही. त्याचं मूळ मात्र सांगायलाच हवं. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेलं टर्की पक्ष्याचं हाडूक त्यांनी आणलं आणि त्याच्या कूर्चेवर एक्सायमर लेझर चालवला. आजूबाजूला जरा न जळता रेघ सुरेख कोरली गेली. आज डोळ्याचा पुढचा पडदा त्याच तत्त्वावर केसाच्या अंशानं तासून सपाट करतात. डोळ्याचा गोळा मात्र आतून लांबचा लांबच राहतो. म्हणून उणे सहा किंवा त्याहून जास्त नंबर असलेल्यांनी, चष्मा सुटला असला तरी, वर्षाकाठी रेटिना तपासून घ्यावी. ताणलेली रेटिना पातळ असते, ती फाटू शकते. अचानक डोळ्यासमोर काळ्या ठिपक्यांचा पाऊस आला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नये.

माणसानं उणे नंबराचं भिंग वापरायला सुरुवात केली ती कारण न कळताच. पंधराव्या शतकात इटलीत मध्ये खोलगट भिंगांचे चष्मे विकले जात होते. ते का चालतात हे योहानेस केपलरनं १६०४ साली सांगितलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं की चित्र रेटिनावर पडतं आणि आखूड नजरेच्या डोळ्यात ते रेटिनाच्या अलीकडे तयार होतं. लहानपणी देवी येऊन केपलरची नजर अधू झाली होती. ज्याला आकाश नीट दिसत नव्हतं, त्यानंच ग्रहांचे मार्ग आणि डोळ्यातला मार्ग, दोन्ही शोधून काढले.

भाचीला मी केपलरचं सांगितलं. तिला फारसं काही वाटलं नाही. बाहुलीचं सांगितलं, तेव्हा मात्र ती आरशासमोर जाऊन बसली.

परवा आम्ही पुन्हा ग्वारीघाटावर गेलो. आरती संपली, दिवे सुटले. तिनं चष्मा काढला, "आता चंद्र," म्हणाली. चष्मा लावला, "आता दिवे." असं पाचसहा वेळा झालं. मग ती पुढच्या पायरीवर उतरली आणि बोट पुढं करून पुटपुटायला लागली. मी विचारलं, काय चाललंय? "मोजते आहे. आधी मोजताच यायचे नाहीत ना, सगळे एकात एक चिकटलेले असायचे." एकेचाळीसपर्यंत आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. बेचाळिसावा दिवा देवळाआड गेला होता, तो पलीकडून बाहेर येण्याची ती वाट बघत होती.